पुस्तकांची पाठ

ही पुस्तकं मी वाचत नाही.
मी त्यांची पाठ उघडते.

ग्रोनिंगन, ग्रंथालयाचं तळघर.
खिडकी फुटपाथच्या उंचीवर :
सायकलींची चाकं जातात,
माणसं घोट्यापर्यंतच दिसतात.
टेबलावर गव्हाची खळ, हाडाची पट्टी, तागाचा दोरा.
यंदा नीतिशास्त्राचं कपाट आलंय दुरुस्तीला.
माणसानं कसं वागावं, याचा दोन हजार वर्षांचा वाद
आणि त्याला लागलेली कसर.

सगळ्यात जुनं ग्रीकांचं, लॅटिनमध्ये उतरवलेलं.
म्हणतं, चांगुलपणा ही सवय, हाताला लागते सुतारकामासारखी;
अति नको, उणं नको, मधलं शोध.
हे मला न वाचता कळलं होतं.
बाबा शिवायला शिकवताना सांगायचे,
ताणलास तर कागद फाटतो, सैल सोडलास तर पान झुलतं.
नेमकं किती, ते विचारू नकोस, फेन्ना.
शंभर पुस्तकं शिव.

त्या पुस्तकात बायका आणि गुलाम समासातही नाहीत.
समास मोजायची मला सवय आहे.

मग मठातली. ओकच्या फळ्या, पितळी कड्या,
एकाला अजून साखळीचा तुकडा.
देवानं सांगितलं म्हणून चांगलं,
की चांगलं म्हणून देवानं सांगितलं?
पानभर भांडण, आणि कडेला
कुण्या कंटाळलेल्या हातानं काढलेली गोगलगाय.

पुढचं जर्मन. ताठ, काटेकोर.
सगळ्यांनी करावं असं म्हणवेल, तेवढंच कर.
खोटं बोलू नकोस,
दाराशी मारेकरी उभा असला तरी.
इथं माझा हात थांबतो.
चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात, याच गावात,
बाबांची आत्या आल्त्ये दार धरून उभी राहिली
आणि म्हणाली, घरात कोणी नाही.
घरात सालो होता, नऊ वर्षांचा,
वासरांच्या ओल्या कातड्यांखाली, तोंडात स्वतःची मूठ.
तो वाचला. म्हातारा झाला. दर वर्षी संत्री पाठवायचा.
आत्या म्हणायची, बरोबरच केलं मी.
आणि त्याच श्वासात : पण खोटं बोलले.
दोन्ही वाक्यं तिनं मरेपर्यंत शेजारी शेजारी ठेवली,
एकानं दुसरं खोडलं नाही.
तिला कुठल्या फळीवर लावू?

मग हे इंग्रजी. छपाई लंडनची, बांधणी इथली.
सुखाची बेरीज, दुःखाची वजाबाकी.
खरं सांगते, मला आवडलं होतं ते.
प्रत्येकाला एकच धरतं, राजालाही.
पाठ उघडली.
आत, खळीत रुतलेली, रद्दीची पट्टी.
जुने बांधणारे काहीही चिकटवत :
किराणा, प्रवचन, कुणाची थकबाकी.
ही जहाजाची यादी.
नग तीनशे बारा.
खाली एक्केचाळीस आडव्या रेघा.
तूट वजा जाता, सफर समाधानकारक.

बेरीज तीही होती. एक पैचीही चूक नव्हती.

कपाटात शेवटी एक पेपरबॅक, एका बाईनं लिहिलेली.
विचारते, तुम्ही वाद घालत होतात
तेव्हा रडणारं पोर उचललं कोणी?
गोंद स्वस्त होता, पानं सुटलीत.
तिला शिवावंच लागेल.

डॉक्टर उबिंक म्हणाले, पट्टी काढा,
वेगळं पाकीट, वेगळी खोली, नियम आहे.
नियम वाईट नाही. कागद टिकतो त्यानं.
पण पुस्तक मग परत फळीवर जाईल,
स्वच्छ, ताठ, कशाचीच कल्पना नसल्यासारखं.

पट्टी ओलावून सोडवली. टिपकागदात वाळवली.
पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानाला
तीन टाक्यांनी जोडली,
दोरा न ताणता, न सोडता.
अर्ज भरला. खोटं लिहिलं नाही.
काय सापडलं : यादी.
कुठे : पाठीत.
नियम मोडला का : होय.

वौटर, माझा शिकाऊ, बराच वेळ बघत होता.
म्हणाला, हे बरोबर झालं का?
मी पुस्तक दाबाखाली ठेवलं, चक्र दीड फेरा फिरवलं.
शनिवारपर्यंत उघडू नकोस, म्हटलं.
खळ अजून ओली आहे.